एमसीबी का पडतो ते आधी समजून घ्या, वायरमन मग बोलवा

एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की स्वतःहून पडणारा खटका, खाली पडला की हात आपोआप तो वर करायला जातो. पुन्हा पडला, पुन्हा वर. तिसऱ्यांदा पडला की फोन जातो, ‘लाइट गेलीय, जरा येऊन बघा.’ वायरमन येतो तेव्हा त्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडली असती ती माहिती कोणाच्याच लक्षात राहिलेली नसते. कोणता एमसीबी पडला? वर करताक्षणी पडला की दहा मिनिटांनी? तेव्हा घरात काय काय चालू होतं? या तीन प्रश्नांच्या उत्तरांतच बहुतेक वेळा निम्मं निदान झालेलं असतं. ती उत्तरं काढायला हातात पक्कडही धरावी लागत नाही.

आधी मर्यादा सांगतो. घरच्या माणसाने खटके खाली-वर करावेत, प्लग काढावेत, टेस्ट बटण दाबावं, वास, आवाज आणि गरमपणा यांकडे लक्ष द्यावं. बोर्ड उघडणं, स्क्रू आवळणं, वायर बदलणं हे ज्याला येतं त्याने करायचं. आणि घरात इन्व्हर्टर किंवा सोलर असेल तर मेन स्विच बंद करूनही काही वायरींत २३० व्होल्ट असू शकतात, हे प्रत्येकाने पाठ करून ठेवावं.

एमसीबी किती वेळाने पडला?

एमसीबी भिंतीतल्या वायरच्या संरक्षणासाठी असतो. टीव्ही किंवा फ्रिज वाचवणं हे त्याचं काम नाही, माणसाला शॉकपासून वाचवणं तर नाहीच. त्याच्या आत दोन यंत्रणा असतात. एक दोन धातूंची पट्टी, जी जास्त करंटने हळूहळू तापून वाकते. दुसरी एक कॉइल, जी शॉर्ट झाल्यावर क्षणात खटका ओढते. त्यामुळे एमसीबी पडायला लागलेला वेळच कारण सांगतो.

वर करताच ‘टक्’ करून पडला तर शॉर्ट धरून चला. सी प्रकारचा एमसीबी त्याच्या रेटिंगच्या ५ ते १० पट करंटला क्षणात पडतो, म्हणजे १६ अँपिअरचा असेल तर ८० ते १६० अँपिअरच्या पट्ट्यात कुठेतरी. साध्या लोडने एवढा करंट जात नाही. अशा वेळी त्या लाइनवरचे सगळे प्लग काढून एकदाच वर करून बघा. राहिला तर दोष एखाद्या उपकरणात किंवा त्याच्या कॉर्डमध्ये. तरीही पडला तर वायरिंग, होल्डर किंवा सॉकेट. पुन्हा पुन्हा वर करू नका. प्रत्येक वेळी तो शॉर्टचा पूर्ण करंट त्याच जळक्या जागेतून जातो आणि एमसीबीचे कॉन्टॅक्टही खराब होतात.

पाच-दहा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने पडत असेल तर तो ओव्हरलोड. हिशेब सोपा आहे, वॅटला २३० ने भागा. २००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो, १५०० वॅटची किटली ६.५, १००० वॅटची इस्त्री ४.३. तिन्ही एका लाइनवर आले की १९.५ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअरपर्यंत तासभर तग धरतो आणि २३ च्या आसपास गेल्यावर तासाच्या आत पडायलाच हवा, अशी त्याची रचना असते. मधल्या पट्ट्यात तो कधी पडतो, कधी नाही. ‘कालपर्यंत तर चालत होतं’ असं वाटतं ते यामुळेच.

लोड कमी असूनही असाच उशिरा पडत असेल तर एमसीबीच्या टर्मिनलचा स्क्रू ढिला आहे का ते वायरमनला बघायला सांगा. ढिल्या जोडाची उष्णता आतल्या पट्टीपर्यंत पोचते आणि करंट न वाढताच ती वाकते. अशा वेळी नवा एमसीबी टाकून दोन दिवस बरं चालतं. नवा टाकताना स्क्रू आवळला गेला, एवढंच त्याचं कारण असतं.

आता सगळ्यात घातक ‘उपाय’. १६ चा एमसीबी पडतोय म्हणून ३२ चा बसवायचा. एमसीबी पडायचा थांबतो आणि वायर तापायला लागते. तांब्याच्या वायरचं नेहमीचं गणित असं: दिव्यांना दीड एमएम (म्हणजे चौरस मिलिमीटर) वायर आणि ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी, १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटला अडीच एमएम, एसी किंवा मोठ्या गिझरला चार एमएम आणि २० किंवा २५ चा. वायर भिंतीत खोल असेल, एकाच पाइपात बऱ्याच वायरी कोंबल्या असतील तर ही क्षमता आणखी घटते. वायर न बदलता फक्त एमसीबी मोठा करू म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. पंपासारखी मोटर सुरू होताना क्षणभर ओढलेल्या करंटने बी प्रकारचा एमसीबी पडत असेल तर त्याच अँपिअरचा सी प्रकारचा बसवणं योग्य असू शकतं. तिथे अँपिअर तोच राहतो, बदलतो फक्त झटका सहन करायचा स्वभाव. तेही शॉर्टच्या वेळी तो नक्की पडेल एवढा करंट त्या लाइनला मिळतो का, हे तपासूनच.

आरसीसीबी पडतो तेव्हा

डीबीत, म्हणजे सगळे एमसीबी असलेल्या पेटीत, टेस्ट बटण असलेलं रुंद उपकरण म्हणजे आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, एवढंच ते बघतं. फरक पडला म्हणजे थोडा करंट दुसऱ्या वाटेने, अर्थिंगमधून किंवा माणसाच्या अंगातून चाललाय. घरात ३० मिलिअँपिअरचा असावा. तो १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो आणि ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडलाच पाहिजे. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर मात्र तो वाचवत नाही. अंगातून जाणारा करंट त्याला साधा लोड वाटतो. ओव्हरलोड आणि शॉर्टही त्याला दिसत नाहीत, म्हणून एमसीबी वेगळा लागतो. दोन्ही कामं एकत्र करणारा तो आरसीबीओ.

दोष शोधायची पद्धत अशी. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा. राहिला तर एकेक एमसीबी वर करत जा, प्रत्येकानंतर मिनिटभर थांबा. ज्याच्यावर आरसीसीबी पडेल ती लाइन. ती खाली ठेवून बाकीचं घर चालू करता येतं. मग त्या लाइनवरचे सगळे प्लग उपटा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण स्विच फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आता एकेक प्लग परत लावत बघा.

सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडत असेल तर अनेकांना भूत लागल्यासारखं वाटतं, आणि ‘आरसीसीबीच खराब आहे, काढून टाकू’ हा सल्ला इथेच दिला जातो. बऱ्याच घरांत एमसीबी एकपोली असतात. ते खाली केले की फेज तुटतो, न्यूट्रल तसाच राहतो. कुठेतरी न्यूट्रल अर्थला चिकटला असेल तर आरसीसीबीला गळती दिसतच राहते. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात व्होल्टेजचा फरक फार थोडा असल्यामुळे हा दोष लहरी असतो. एरवी शांत, मोठा लोड लागला की पडतो. वायरमनने न्यूट्रल बारवरून एकेक न्यूट्रल सोडवून, मेन बंद ठेवून, न्यूट्रल आणि अर्थमधलं इन्सुलेशन मोजलं की लाइन सापडते. याला चिकाटी लागते, म्हणून हे काम टाळलं जातं.

नव्या वायरिंगमध्ये आणखी एक चूक वारंवार सापडते. दोन आरसीसीबी असलेल्या डीबीत एकाचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल एकाच लाइनला जोडलेला असतो. वायरिंग निर्दोष, उपकरणं निर्दोष, तरी लोड लावताच पडणार. इन्व्हर्टर नंतर जोडला असेल तर आधी हेच तपासायला सांगा.

गिझर हा आरसीसीबी पडण्याचा नेहमीचा मानकरी. हीटिंग एलिमेंटच्या नळीला क्षाराने सूक्ष्म भोक पडतं, आतल्या पांढऱ्या पावडरीत पाणी मुरतं आणि तापल्यावर गळती वाढते. म्हणून चालू केल्यावर लगेच न पडता थोड्या वेळाने पडतो. पावसातच पडत असेल तर बाहेरचा दिवा, गेटची बेल, गच्चीवरचा सॉकेट बघा. आणि कशातच दोष नसताना कधीमधी पडत असेल, तर संगणक, टीव्ही, चार्जर अशा अनेक उपकरणांच्या फिल्टरमधून होणारी थोडी थोडी गळती मिळून १५ मिलिअँपिअरजवळ गेलेली असू शकते. त्यावर उपाय म्हणजे लाइनी दोन आरसीसीबींवर विभागणं. आरसीसीबी काढून टाकणं हा कोणत्याच दोषावरचा उपाय नाही.

जे दोघांनाही दिसत नाही

घरातल्या विजेच्या आगीचं सगळ्यात कपटी कारण म्हणजे ढिला जोड. गिझरच्या सॉकेटमध्ये ३००० वॅटचा लोड, करंट १३ अँपिअर. जोड ढिला झाल्याने तिथे फक्त ०.१ ओहम रोध आला तरी नखाएवढ्या जागेत जवळजवळ १७ वॅट उष्णता तयार होते. रोध ०.५ ओहम झाला की ८० वॅटच्या वर. त्याच वेळी करंट वाढलेला नसतो, उलट किंचित कमी झालेला असतो, म्हणून एमसीबी गप्प. गळती नसते, म्हणून आरसीसीबीही गप्प. प्लास्टिक तपकिरी पडत जातं आणि कळायचं साधन उरतं ते आपलं नाक आणि आपला हात.

म्हणून या खुणा गांभीर्याने घ्या. जळक्या माशासारखा किंवा तापलेल्या प्लास्टिकचा वास, सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी कडा, प्लग काढल्यावर पिना गरम, स्विचमधून चरचर आवाज, एका खोलीतले दिवे आपोआप लुकलुकणं. असा सॉकेट ‘जरा हलवून’ चालवू नका. लाइन बंद करा आणि बदलून घ्या. बदलताना वायरचं काळं पडलेलं टोक कापून ताजं तांबं मिळेपर्यंत मागे जायला सांगा. तापून कडक झालेली वायर तशीच नव्या सॉकेटमध्ये घातली तर जोड पुन्हा ढिला होतो. प्लगच्या पिनाही बघा. खड्डे पडलेला प्लग नवा सॉकेट महिन्याभरात खातो. अ‍ॅल्युमिनिअमची जुनी वायर तांब्याला नुसती पीळ देऊन जोडली असेल तर तो जोड योग्य कनेक्टर लावून पुन्हा करून घ्या. हीटर, गिझर, इस्त्री मल्टिप्लगवर चालवायची नाही. आणि एक्स्टेंशनची वायर गुंडाळून ठेवून मोठा लोड घेतला तर मधल्या वेटोळ्यांची उष्णता बाहेर पडत नाही, इन्सुलेशन वितळतं.

न्यूट्रलचे खेळ

सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो पण काहीच चालत नाही. याला ‘डबल फेज आला’ म्हणतात. खरं तर बहुतेक वेळा न्यूट्रल तुटलेला असतो. चालू असलेल्या दिव्यातून किंवा पंख्यातून फेजच न्यूट्रलच्या वायरपर्यंत येतो आणि टेस्टर तिथेही पेटतो. सगळी उपकरणं बंद केली, प्लग काढले की न्यूट्रलच्या भोकातला उजेड जातो. तेवढ्याने खात्री पटते.

याहून गंभीर प्रकार थ्री-फेज पुरवठ्यात होतो. मुख्य न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरच्या लोडनुसार व्होल्टेज वाटलं जातं. एका खोलीतले दिवे मंद, दुसरीकडे डोळे दिपवणारे. त्या प्रखर दिव्यांच्या लाइनवर व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढू शकतं आणि टीव्ही, फ्रिज, चार्जर काही क्षणांत जातात. हे दिसताच विचार करत बसू नका, मेन खाली करा. मीटरच्या आधीचा, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूचा दोष असेल तर वीजपुरवठा करणाऱ्यांना कळवा, तिथे खासगी वायरमनने हात घालायचा नाही.

फ्रिजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ही तक्रारही इथेच बसते. उपकरणाच्या आतला फिल्टर त्याच्या धातूच्या अंगावर थोडा करंट सोडतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर अंगावर साधारण निम्मं व्होल्टेज, ११० च्या आसपास, मीटरला दिसतं. म्हणजे झिणझिण्या येणं हा अर्थिंग तुटल्याचा निरोप असतो. खरा फेज अंगाला लागला असण्याची शक्यताही असते, म्हणून तपासणी होईपर्यंत प्लग काढून ठेवा. यावर काहीजण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडून देतात. झिणझिण्या थांबतात, आणि पुढे कधी न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या दारावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. असं काम करणाऱ्याला घरात पुन्हा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पंखा आणि दिवा

पंखा हळू फिरतो तेव्हा पहिला संशय कॅपॅसिटरवर. छताच्या पंख्यात बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा असतो, जुना झाला की त्याची क्षमता घटते. पंखा बंद असताना पाती हाताने सहज फिरतात का बघा. अडखळत असतील तर बेअरिंग. सहज फिरतात, पण चालू केल्यावर नुसता गुणगुणतो आणि लाकडी काठीने ढकलल्यावर चालू होतो, तर कॅपॅसिटर गेलाय. त्याच आकड्याचाच बसवा. मोठा बसवला की पंखा जोरात फिरेल हा गैरसमज आहे, त्याने वाइंडिंग तापतं. बीएलडीसी (आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या) पंख्याला मात्र जुना रेग्युलेटर ठेवू नये, तो काढून लाइन थेट द्यावी लागते.

बंद केल्यावरही एलईडी दिवा मिणमिणत असेल तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलाय का ते तपासून घ्या. तसं असेल तर ते दुरुस्त करणं गरजेचं, कारण दिवा बंद असतानाही होल्डरमध्ये फेज असतो. स्विचमध्ये छोटा इंडिकेटर असेल किंवा वायरी लांबवर शेजारून गेल्या असतील तर तो मिणमिणाट निरुपद्रवी असतो.

वायरमन निवडताना

फोनवर ‘लाइट गेलीय’ एवढंच सांगू नका. कोणता खटका पडतो, किती वेळाने, कोणत्या खोल्या बंद, वास किंवा आवाज येतो का, अलीकडे कोणतं नवं उपकरण लावलं, भिंतीत कुठे खिळा ठोकला का, ओल आहे का, हे सांगा आणि डीबीचा फोटो पाठवा. चांगला माणूस यावर उलट प्रश्न विचारतो. प्रश्न न विचारता ‘पूर्ण वायरिंग बदलावं लागेल’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

त्यालाही विचारा. परवाना आहे का, दाखवाल का? मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर (वायर न सोडवता करंट मोजणारा) आणि मेगर आहे का? नुसता टेस्टर घेऊन येणारा होल्डर बदलू शकतो, गळती शोधू शकत नाही. मेगरने ५०० व्होल्टवर इन्सुलेशन मोजतात, एका लाइनचं किमान १ मेगाओहम यायला हवं, आणि मोजण्याआधी एलईडी दिवे व इलेक्ट्रॉनिक वस्तू सोडवाव्या लागतात, नाहीतर आकडा चुकतो आणि वस्तूही जातात. हे त्याने आपणहून सांगितलं तर माणूस जाणता आहे असं समजा. बघायला येण्याचा आकार किती, तो पुढे कामात वळता होतो का, सामान कोण आणणार, काम पुन्हा बिघडलं तर किती दिवसांपर्यंत येणार, हे आधीच ठरवा. मोठ्या कामाचा अंदाज लेखी घ्या. त्यात वायरची जाडी, एमसीबीचं रेटिंग आणि पॉइंटची संख्या स्वतंत्र लिहिलेली हवी, नाहीतर दोन अंदाजांची तुलनाच होत नाही.

काम सुरू होताना त्याच्या हातांकडे बघा. लाइन बंद करतो का? बंद केल्यावर टेस्टर आधी चालू सॉकेटवर, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू सॉकेटवर लावतो का? टेस्टरच बिघडलेला असला तर मधल्या तपासणीला अर्थ नाही, म्हणून ही तीन पावलं. वायरच्या रंगावर विसंबतो का? लाल-काळा-हिरवा आणि तपकिरी-निळा-हिरवापिवळा अशा दोन्ही पद्धती घराघरांत सापडतात आणि मागच्या माणसाने हाताला लागेल ती वायर ओढलेली असते. सगळीकडे एकाच रंगाची वायर टाकायला निघाला तर थांबवा. भिंतीत, प्लास्टरखाली, पीळ आणि टेपचा जोड नको. जोड नेहमी उघडता येईल अशा बॉक्समध्ये हवा.

पैसे देण्याआधी दहा मिनिटं काढा. काढलेले जुने भाग मागून घ्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण त्याच्यासमोर दाबा, लगेच पडला पाहिजे, आणि पुढे दर तीन महिन्यांनी स्वतः दाबत जा. प्रत्येक सॉकेटवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तीन मोजमापं करायला लावा. पहिली दोन जवळजवळ सारखी आणि तिसरी थोड्याच व्होल्टची आली पाहिजे. मीटर क्षीण अर्थिंगवरही पूर्ण व्होल्टेज दाखवू शकतो, म्हणून अर्थिंगच्या वाटेचा रोध मोजणारा लूप टेस्टर असेल तर तोही लावायला सांगा. ज्या सॉकेटची दुरुस्ती झाली तिथे गिझर किंवा इस्त्री अर्धा तास चालवा, मग प्लग काढून पिनांना हात लावून बघा, कोमट चालतील, चटका नको. शेवटी डीबीच्या झाकणावर प्रत्येक एमसीबीखाली ‘स्वयंपाकघर सॉकेट’, ‘गिझर’, ‘हॉल दिवे’ असं पेनाने लिहून घ्या, आणि लिहिलेलं खरं आहे का ते एकेक खाली करून तपासा.